पंचावन्न मिनिटांचं गाजर

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, शिमग्याची गडबड आटोपली की वाचा. पण वाचा.

जानेवारीत आमचे आबाकाका गेले. सकाळी सात-सव्वासातला. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, डोंबिवलीला असतो. फोन मीच केला. रडून झाल्यावर पहिलं वाक्य तो काय बोलला असेल? "दादा, मी मोबाईलवर बघितलंय, मुंबई ते सिंधुदुर्ग पंचावन्न मिनिटं दाखवतोय. अकरापर्यंत पोचतो बघ. थांबा माझ्यासाठी."

मी म्हटलं, "अरे, विमान कुठलं? ते ऑक्टोबरात बंद झालं."

तो म्हणाला, "मग हे काय दाखवतोय?"

त्याने स्क्रीनशॉटही पाठवला. मुंबई विमानतळ ते सिंधुदुर्ग विमानतळ, हवाई अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पंचावन्न मिनिटं. खाली निळं बटण, तिकिटं शोधा. शोधली तर काही नाही.

शेवटी तो मोप्याला उतरला. दुपारचं विमान मिळालं, तिकिटाला किती मोजले ते मी विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत. मोप्याहून टॅक्सी, बांदा, सावंतवाडी, कुडाळ, पाट, मग गाव. साडेचार वाजले. तोपर्यंत आबाकाका अंगणात, पोफळीच्या सावलीत. त्या अंगणातून सड्यावरच्या विमानतळाचं कुंपण दिसतं. उगाच अलंकार म्हणून लिहीत नाही, खरंच दिसतं. माणसं दिवसभर कुंपणाकडे बघत बसली होती आणि मुलगा गोव्याहून येत होता.

तेव्हापासून ती पंचावन्न मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून हे लिहितोय.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघा. दोन शहरांच्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारी पानं इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यातल्या बहुतेकांना विमान उडतं की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, सरळ रेषा मारायची, ताशी आठशे किलोमीटर वेगाने भागायचं आणि चढायला-उतरायला अर्धा तास वर टाकायचा. साडेतीनशे भागिले आठशे, सव्वीस मिनिटं. अधिक तीस. झाली छप्पन. विमान असो नसो, गणित चुकत नाही. कुडाळच्या बाजारातून चंद्रापर्यंतचं अंतरही ते असंच सांगतील.

पण चिपीला जे विमान यायचं ते ताशी आठशेवालं नव्हतंच. पंख्याचं एटीआर, सत्तरेक माणसांचं, पाचशेच्या आसपास वेग. शिवाय मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. आपलं चिमुकलं विमान तिथे रांगेत उभं. म्हणून वेळापत्रकात काय होतं आठवतंय? मुंबईहून ११.३५ ला सुटायचं, चिपीला १ वाजता. परत १.२५ ला, मुंबईला २.५०. म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं. पंचावन्न मिनिटांचे पंचाऐंशी इथेच झाले, अजून आपण घरातून निघालोसुद्धा नाही.

आता घरातून निघू. मी स्वतः या विमानाने गेलोय, वेळ वहीत टिपून ठेवली होती. पत्रकाराची खोड. कुडाळहून निघालो अकराला. चिपी वीस-पंचवीस किलोमीटर, पण रस्ता वळणांचा. एसटी विमानतळाच्या दारात घेऊन जाईल असं काही नाही, रिक्षा नाहीतर ओळखीची गाडी. पावणेबाराला आत. तपासणी वगैरे होऊन दीड तास खुर्चीवर. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर पोचलं, तक्रार नाही. मुंबईला बस, बॅग, बाहेर येईपर्यंत सव्वातीन. तिथून डोंबिवली. अंधेरी, घाटकोपर, मग लोकल. भावाच्या दारात पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते.

अकरा ते सव्वापाच. सव्वासहा तास. त्यातला जमिनीपासून वर असलेला वेळ तासाभराचा.

आता वंदे भारत बघा. जून २०२३ पासून सुरू आहे, कणकवलीला थांबते, पावसाळा सोडला तर मुंबई ते कणकवली सहा तासांच्या आतबाहेर. आणि ठाण्याला उतरता येतं, जिथे आपली अर्धी माणसं राहतात. मग विमानाने नेमका वाचवला कोणाचा वेळ? विमानतळाला लागून घर असलेल्याचा आणि पार्ल्यात फ्लॅट असलेल्याचा. बाकी चाकरमानी कुठे राहतो? लालबाग-परळ सुटलं, तो आता विरार, नालासोपारा, दिवा, कल्याण, बदलापूर. त्याच्यासाठी सांताक्रूझ हेच एक वेगळं गाव आहे.

याहून मोठी गंमत वेळापत्रकात होती, आणि तिच्याबद्दल कोणी बोललं नाही. दुपारी दीडच्या विमानाने तुम्ही मुंबईत तीनला पोचता. मंत्रालयात काम असेल तर दिवस गेला. हायकोर्टात तारीख असली तर आदल्या दिवशी निघायला हवं होतं. टाटा हॉस्पिटलला पेशंट दाखवायचा असेल तर तेच. दुसऱ्या दिवशी काम करा, आणि परतीचं विमान तिसऱ्या दिवशी ११.३५ ला. म्हणजे तासाच्या प्रवासाच्या कामाला तीन दिवस, दोन मुक्काम. रात्रीच्या कोकणकन्येने गेलेला माणूस सकाळी पोचतो, काम करतो, त्याच रात्री परत बसतो. एक दिवस, दोन रात्री, मुक्कामाचा खर्च शून्य.

पहाटे जाऊन संध्याकाळी परत येणारं विमान असतं, तर दीड तासाऐवजी अडीच तास लागले असते तरी लोकांनी घेतलं असतं. माणसाला किती मिनिटं उडालो याचं कौतुक नसतं. काम करून रात्री घरी जेवायला येतो की नाही, हे तो बघतो.

आणि पावसाळा. सडा उंचावर, समोर समुद्र. जून-जुलैत ढग खाली आले की विमानतळ दिसेनासा होतो. मग कधी विमान मुंबईहून निघतच नसे, कधी इथे वर घिरट्या घालून परत जाई. खाली न्यायला आलेली माणसं माना वर करून आवाज ऐकत उभी. आमच्याकडे एका आजींनी विचारलं होतं, "इलो तो आवाज, मगे इमान खंय गेला?" काय सांगणार? परत मुंबईला गेला, आजी.

हे मी आता लिहितोय, पण माझाही हात यात बरबटलेला आहे, ते आधी कबूल करतो. ९ ऑक्टोबर २०२१. चिपीचं उद्घाटन. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एका मंचावर, ज्योतिरादित्य शिंदे ऑनलाइन. अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष कुठे होतं? कोण कोणाला टोला मारतो याकडे. माझंही तिथेच. दोन पानं भरून टोलेबाजी दिली आणि मुख्य बातमीला मथळा दिला, 'मुंबई आता तासावर'. संपादकांनी शाबासकी दिली. विमान रोज किती वाजता, कुठल्या अटींवर, किती वर्षांसाठी, यातलं मी एका ओळीत काही विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. डिप्लोमाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात, कोण, काय, कुठे, केव्हा, का. आम्ही 'कोण' वर थांबलो.

आणि तेही पहिलं उद्घाटन नव्हतं, बरं का. सप्टेंबर २०१८ मध्ये गणपतीच्या तोंडावर चाचणीचं विमान उतरवलं, त्यातून बाप्पाची मूर्तीही आणली. मार्च २०१९ मध्ये, निवडणुकीच्या आधी, टर्मिनलचं उद्घाटन. मग २०२१ चं खरं. त्यामुळे श्रेय कोणाचं यावर भांडायला सगळ्या पक्षांकडे एकेक फोटो आहे. विमान बंद झालं त्या दिवशीचा फोटो मात्र कोणाकडेच नाही.

आता ते बंद का झालं ते समजून घ्या, कारण 'मोप्याने चिपी खाल्लं' एवढंच ऐकून आपण गप्प बसतो.

हे विमान केंद्राच्या 'उडान' योजनेतलं होतं. योजना सोपी आहे. साधारण तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजारांच्या आसपास तिकीट, तेही विमानातल्या सुमारे निम्म्या जागांना. त्यात कंपनीला जो तोटा होतो, तो सरकार भरून देतं. त्यात राज्याचा वाटा वीस टक्के. आणि हे किती काळ? तीन वर्षं. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील असं गृहीत धरलेलं. ऑक्टोबर २०२१ अधिक तीन किती होतात? ऑक्टोबर २०२४. मुदत संपली, मुंबईचं विमान थांबलं. ज्या दिवशी नारळ फुटला त्याच दिवशी शेवटची तारीखही ठरलेली होती. कागदावर होती. आम्ही वाचली नाही, पुढाऱ्यांनी सांगितली नाही.

ही एकट्या चिपीची गोष्ट असती तर नशिबाला बोल लावला असता. पण कॅगचा २०२३ चा अहवाल काढून बघा. उडानमध्ये तेव्हापर्यंत दिलेले मार्ग ७७४. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग फक्त ५४. सातशे चौऱ्याहत्तरातून चोपन्न. शंभरात सात. आपल्या शाळेचा दहावीचा निकाल असा लागला तर मुख्याध्यापकाला गावात फिरू देणार नाहीत.

आणि महाराष्ट्रात बघा. २७ एप्रिल २०१७ ला उडानचं पहिलं विमान शिमल्याहून उडालं, त्याच दिवशी नांदेड-हैदराबादलाही झेंडा दाखवला. ती कंपनी २०२२ मध्ये बंद पडली, नांदेडकर तेव्हा पुन्हा देवगिरी आणि नंदीग्रामच्या रांगेत आले. सोलापूरला तर विमानतळासाठी जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. केवढं राजकारण, केवढी आंदोलनं. मग २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी ऑनलाइन उद्घाटन केलं. जून २०२५ पर्यंत तिथून नियमित प्रवासी विमान सुटलं नव्हतं. तोवर चिमणीही नव्हती आणि विमानही नव्हतं. पण मोबाईलवर मुंबई-सोलापूर टाकलं की वेळ तेव्हाही बरोबर दिसायचा.

आता मोप्याचं. गोव्याचं मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झालं. चिपीपासून सरळ रेषेत पंचेचाळीस किलोमीटर भरेल. मुंबईला दिवसातून कितीतरी विमानं, मोठी विमानं, अनेक कंपन्या, त्यामुळे तिकिटात स्पर्धा. बांदा-दोडामार्गचा माणूस चिपीला कशाला येईल? तो मोप्यालाच जाणार आणि त्याने जावं. यात मोप्याचा दोष काय? गोव्याने आपलं दुकान नीट मांडलं. आपण दुकानाची पाटी रंगवली, तीनदा फीत कापली, आणि माल तीन वर्षांच्या उधारीवर आणला.

पण मालवण, देवगड, आचरा, कणकवली, वेंगुर्ल्याची वरची गावं, यांच्यासाठी मोपा म्हणजे उतरल्यावर पुन्हा दीड-दोन तास, देवगडला त्याहून जास्त. त्यांचा विमानतळ चिपीच. तो त्यांच्या नावावर, त्यांच्या सड्यावर बांधलाय. त्या सड्यावर कोणाची काजूची कलमं होती, कोणाची गुरं चरत होती, कोणाची पावसाळी नाचणी. त्यांना सांगितलं होतं, पोरं तासात घरी येतील. ते वाक्य मला पाठ आहे, कारण तेही मीच छापलंय.

आज चिपीवरून काहीच उडत नाही असं नाही. पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला विमानं सुरू झाली, चांगलं झालं. पण आपली माणसं कुठे आहेत? सिंधुदुर्गातल्या घराघरातला एक तरी मुंबईत. मुंबई वगळून सिंधुदुर्गचा विमानतळ म्हणजे मासे वगळून मालवणी थाळी. सोलकढी कितीही चांगली असली तरी पोट कशाने भरायचं?

मला माहितेय, आता काहीजण लिहिणार, 'तुम्ही विकासाच्या आड येताय', 'पत्रकारांना चांगलं काही दिसतच नाही'. बाबांनो, मी विमानाच्या विरोधात नाही. मी खोट्या मिनिटांच्या विरोधात आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. तेव्हा जन्मलेलं पोर आठवी-नववीपर्यंत पोचलं. दर गणपतीला नवी तारीख. त्या रस्त्याच्या खड्ड्यांवरून ओरड झाली की उत्तर यायचं, आता विमान आलंय ना. रेल्वेला जादा गाड्या द्या म्हटलं की, आता विमान आलंय ना. आणि विमान गेलं तेव्हा? आता मोपा आहे ना. पंचावन्न मिनिटांचं हे गाजर दाखवून आपल्याला तेरा-चौदा तास बसमध्ये बसवलंय, आणि आपण गाजराकडे बघून टाळ्या वाजवल्या.

माझ्या मागण्या फार नाहीत. मुंबईचं विमान पुन्हा सुरू करणार असाल, आणि निवडणुका लागल्या की कराल याची मला खात्री आहे, तर राज्याने पैसे वेळापत्रकावर द्यावेत. सकाळी इथून मुंबईला, संध्याकाळी परत. नाहीतर अनुदान नाही. तीन वर्षांनंतर काय, हे पहिल्या दिवशी जाहीर करावं, नारळ फोडायच्या आधी. पावसाळ्यात उतरता यावं म्हणून जी यंत्रं लागतात ती आधी बसवा, फीत मग कापा. विमानाच्या वेळेला कुडाळ आणि मालवणहून एसटी सोडा, जानेवारी २०२५ मध्ये पंधरा टक्क्यांच्या आसपास भाडं वाढवलंत ना, मग दोन फेऱ्या काही जड नाहीत. आणि दर महिन्याला किती विमानं ठरली होती, किती उतरली, हा आकडा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावा. खडूने लिहिलात तरी चालेल.

माहिती अधिकारात एक अर्ज मी सोमवारी टाकतोय. तीन वर्षांत मुंबई-चिपी मार्गाला राज्याच्या वाट्याचे किती रुपये गेले आणि किती फेऱ्या रद्द झाल्या, एवढंच विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकेन, जसंच्या तसं.

तुम्ही एक करा. कमेंटमध्ये तुमचं गाव, तुमचं मुंबईतलं ठिकाण आणि दार ते दार लागलेला वेळ लिहा. विमान, रेल्वे, एसटी, खासगी बस, काहीही. शिव्या नकोत, पक्ष नकोत, फक्त तास. शंभर जणांचे जमले की तक्ता करून पालकमंत्र्यांना आणि खासदारांना देऊ. हा तक्ता कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही.

चुलत भाऊ शिमग्याला येतोय. काकी एकट्या आहेत, यावंच लागेल. काल रात्री त्याचा मेसेज आला, तुतारीचं वेटिंग त्रेचाळीस आहे.